ऊन ताट

म्हापशाच्या बाजारामागे, मासळीच्या शेडपासून चौथं दार.
सहा टेबलं, एक पंखा, उंबऱ्यात आडवं पडलेलं मांजर.
शुक्रवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसते.

अशाच एका शुक्रवारी ती दोघं आली,
कडेवर पाच-सहा महिन्यांची पोर.
दोन ताटं आली.
आणि ती उठून पायरीवर उभी राहिली,
पोरीला थोपटत, ओठांत काही पुटपुटत,
डोळे मात्र आत, ताटाकडे.
नवरा भराभर जेवला, टाळू भाजून घेत.
मग त्यानं पोर घेतली, ती बसली.
तोवर हुमणावर साय धरली होती,
तळला बांगडा मऊ पडला होता.
जाताना म्हणाली, "जेवण छान होतं हं."

तीस वर्षं हे वाक्य ऐकतोय.
त्या दिवशी पहिल्यांदा खोटं वाटलं.

रात्री हिशेबाची वही मिटली, तेव्हा आठवलं:
मनोरमा आठ वर्षं, तिन्ही मुलांच्या पाठोपाठ,
याच भिंतीपलीकडे उभ्यानं जेवली,
एका हातानं.
मी गल्ल्यावर होतो.
मला वाटायचं, तिला गारच आवडतं.

सकाळी कायतानच्या कारखान्यात गेलो.
"खुर्ची पाहिजे. उंच. बसणारा एवढासा."
तो हसला : "पात्रांव, एवढ्या उंचीचं आसन
मी आजवर फक्त सायबिणीसाठी केलंय."
म्हटलं, तसंच कर. तितकंच जपून.
त्यानं फणसाचं लाकूड घेतलं,
कडा अंगठ्यानं चाचपून चाचपून घासल्या
आणि पैसे घेताना दोनशे कमी घेतले.

पायरीवर फळी टाकली, बाबागाडीसाठी.
पहिले आठ दिवस तिच्यावर मांजरच झोपलं.

कोपऱ्यात पडदा लावला, पाजणाऱ्या बायांसाठी.
एक म्हणाली, "किती बरं केलंत."
दुसरी म्हणाली, "पडदा कशाला? मी काय चोरी करतेय?"
दोघींचंही खरं.
पडदा आहे. ओढायचा की नाही, ते तिनं ठरवायचं.

आग्नेलला सांगून ठेवलंय :
मेनूकार्डाआधी मऊ भात ने, वर तूप, मिरची नको.
पोर गप्प झालं की मोठी माणसं माणसात येतात.
इसवणाचा काटा पुन्हा बोटानं बघ.
आणि आईचं ताट वाढू नकोस
तिची मान हलेपर्यंत. हुमण चुलीवर राहू दे.

चमचा पडतो.
आग्नेल उचलतो, दुसरा देतो. तो पडतो.
तिसऱ्याला आई ओशाळते, पाचव्याला बाप दटावतो.
सातवा चमचा आग्नेल अशा तोंडानं आणतो
की जणू हाच पहिला.
एवढं एकच मला त्याला शिकवावं लागलं नाही;
घरी त्याची जुळी आहेत.

एकदा खिडकीपाशी बसलेले एक गृहस्थ म्हणाले,
"अहो, ते रडणं जरा बंद करता का?"
म्हटलं, साहेब, आत मिक्सर याहून मोठ्यानं ओरडतो,
त्याच्या आवाजातून तुमची सोलकढी आली.
ते हसले नाहीत. परत आले नाहीत.
त्यांचं बिल अजून आठवतं, खोटं कशाला बोलू,
चांगलं सातशेचं होतं.

परवा दुपारी गर्दी ओसरली
तेव्हा मनोरमेला हाक मारली.
ती पदराला हात पुसत आली : "काय हवंय?"
बस, म्हटलं.
पंख्याखालचं टेबल. ऊन ताट. वाफ निघतेय.
आमच्या थोरल्याची लेक माझ्या मांडीवर,
माझा चष्मा ओढतेय.

मनोरमा इकडे-तिकडे बघत बसली,
परक्याच्या घरी बसावं तशी.
पहिला घास घेतला, फुंकर घालून.
बराच वेळ चावत राहिली.

मग म्हणाली,
"मीठ कमी आहे."